तड्यावरची काच

"हे सांगून कुणाला पटायचं नाही, म्हणून मी सहसा सांगतच नाही," असं म्हणत म्हाताऱ्या गवंड्याने सांगायला घेतलं. न सांगून करतो काय? लेकीच्या स्वयंपाकघराची भिंत त्याने स्वतःच्या हाताने बांधून दिली होती. थंडी पडली आणि ती वरपासून खालपर्यंत तडकली. जावई दुसऱ्या गवंड्याला बोलवायला निघाला होता, एक बूट चढवूनही झाला होता. आपल्या भिंतीवर परक्याची थापी फिरणार, हे म्हाताऱ्याला बघवणार नव्हतं.

तर एका वर्षी म्हणे अशीच थंडी पडली होती. बादलीतलं पाणी हातोडीने फोडून अंघोळ करावी लागे. एका घराची भिंत तडकली. म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. काच फुटली तर भिंत सरकतेय, शाबूत राहिली तर खुशाल घोरा. सकाळी काच फुटलेली. दुसरी लावली, तीही फुटली. घरमालकाने आधी कपाटं बाहेर काढली, मग खाटा, मग सासूबाईंना. शेजाऱ्यांनी बघितलं आणि त्यांनीही बोचकी बांधली. पाचव्या दिवशी अर्धी गल्ली रस्त्यावर आणि दुकानातली काच संपलेली. शेवटी मालकाच्या चष्म्याची काच लावली. तीही गेली.

"तेव्हा डोक्यात उजेड पडला. भिंत जागची हललीच नव्हती. काचाच थंडीने तडकत होत्या."

"मग खिडक्यांच्या काचा कशा नाही फुटल्या, बाबा?" जावयाने विचारलं.

"त्यांना बाहेरच्या हवेची सवय असते, जावईबापू."

जावई बुटाची नाडी सोडू लागला. म्हाताऱ्याला चेव आला. उन्हाळा लागताच भिंत फुगली आणि तडा असा मिटला, की वारा अडवायला त्यात कोंबलेली मालकाची शाल आजतागायत निघालेली नाही. म्हणून भिंतीला हात लावायचा नाही, नुसतं ऊन तापायची वाट बघायची.

म्हाताऱ्याची बायको इतका वेळ शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, ते घर माझ्या वडिलांचं. उन्हाळ्यात ती भिंत पडली आणि ते सहा महिने आपल्या बाहेरच्या खोलीत राहिले. आता लेक-जावयाची अंथरुणं कुठे घालायची, तेवढं ठरवून ठेवा."