दार वर की खाली

एका जंगलात, बाळांनो, एक जुनी विहीर होती आणि विहिरीवर वाकलेली एक बाभूळ होती. त्या बाभळीवर सुगरण पक्षी राहत.

त्यांच्यात रीत अशी, की नराने गवत विणून अर्धं घरटं टांगायचं. मग मादी येणार, आत बसणार, चोचीने काड्या ओढून बघणार. पसंत पडलं तर लग्न. नाही तर नराने पुढचा पावसाळा बघायचा.

हरबा नावाच्या एका नराचे दोन पावसाळे असेच गेले होते. विणकाम घट्ट होतं, पण हरबा लाजरा. बाकीचे पंख फडफडवून ओरडत. हा घरट्यामागे लपून बसे.

त्या वर्षी शहरात राहून आलेला एक कावळा बाभळीवर उतरला. नाव भुजंगराव. अळी घेऊन सल्ला देई. म्हणे, सगळ्यांचीच दारं खाली, मग तुमच्याकडे बघायचं कुणी? दार वर करा.

हरबाही अळी घेऊन गेला. भीतभीत म्हणाला, "पण काका, अंडी भिजतील ना?"

"आधी बायको तर येऊ दे. अंड्यांचं मागाहून बघू," भुजंगराव म्हणाला. मग अळी गिळून त्याने सांगितलं, की तू फारच साधारण आहेस, तुझं काही व्हायचं नाही.

हरबा खाली मान घालून परतला. बापाने शिकवलं होतं तसंच पुन्हा विणत बसला.

बाकी बाभूळ मात्र पालटली. सगळी दारं आभाळाकडे झाली. कुणी तेरड्याच्या पाकळ्या खोचल्या, कुणी पतंगाचा कागद लावला. माद्यांची झुंबड उडाली. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. राहायला कुणीच थांबेना.

ठकी नावाची एक मादी एका घरट्यात बसली. तिने वर पाहिलं. वर काळा ढग होता. ती मुकाट्याने बाहेर आली.

फिरत फिरत ती टोकाच्या फांदीवर, हरबाच्या घरट्यापाशी पोचली. आत शिरली, काड्या ओढल्या. एकही निघाली नाही.

"अहो, हे तुम्ही विणलंत?"

"हो," घरट्यामागून आवाज आला.

"दार खाली?"

"हो."

"सगळी बाभूळ पालथी घातली मी. इतकं वेगळं घर कुठे दिसलं नाही."

यात वेगळं काही नाही, आमच्यात पूर्वीपासून असंच बांधतात, हे हरबाच्या अगदी चोचीवर आलं होतं. पण लाजेने शब्द फुटेना. जन्मात पहिल्यांदाच लाज त्याच्या उपयोगी पडली.

लग्न झालं. पाऊस कोसळला. खालच्या दाराच्या घरात अंडी कोरडी राहिली.

मग भुजंगराव आला. "काहीतरी वेगळं कर, असं मीच सांगितलं होतं ना?" असं म्हणून त्याने आणखी एक अळी मागितली.

हरबाने सगळ्यांत जाडजूड अळी त्याच्यापुढे ठेवली आणि अदबीने विचारलं, "काका, पुढच्या वर्षीही याल ना? आमच्या शेजाऱ्यांना तुमचा फार आधार वाटतो."

तात्पर्य : आपलं काम साधं आणि चोख असावं. ते उठून दिसावं असं वाटत असेल, तर शेजाऱ्यांना एखादा हुशार सल्लागार गाठून द्यावा.