पिस्तुलाचा पंचनामा

वैदेहीने पुण्याहून वडिलांना वाढदिवसाला पिस्तूल पाठवलं, तेव्हा बाबूरावांना पहिला संशय आला तो पोटच्या पोरीचाच.

"एवढं महागाचं कशाला धाडलं असंल? काहीतरी मागायचं असंल तिला."

"मागून तुमच्याकडनं कधी काय मिळालंय तिला, म्हणून आता मागंल?" अनसूयाबाई म्हणाल्या.

पिस्तूल शोभेचं होतं. तोंडातून दारू ठासायच्या जुन्या पिस्तुलाची नक्कल, तीही सुट्या भागांत. लाकूड कोरून, लोखंड घासून घरी जुळवायची. नळी मागून पक्की बुजवलेली, त्यामुळे बार उडायचं नाव नको. पण बाबूरावांचा जीव त्यात अडकला होता. एकतीस वर्षं त्यांनी कोर्टात मुद्देमाल कारकुनी केली. गावठी कट्टे, तलवारी, कुऱ्हाडी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं, पण पाकिटात आणि सीलबंद. एकही हत्यार कधी मोकळ्या हातात धरायला मिळालं नाही. आपलं स्वतःचं एक तरी असावं, बैठकीच्या भिंतीवर टांगावं, येणाऱ्याने विचारावं आणि आपण उगाच गंभीर व्हावं, एवढीच त्यांची हौस होती.

आता खोकं आलं म्हणजे कुणीही फोडून बघेल. बाबूरावांनी मात्र पंचनामा करायचं ठरवलं. गल्लीत एकाने मोबाईल मागवला होता आणि त्याला अंगाच्या साबणाची वडी आली होती, तेव्हापासून ते सावध होते. पंच दोन लागतात. एक अनसूयाबाई घरच्याच होत्या, दुसरे मकबूलभाई मिस्त्री. तुळजापुरातल्या निम्म्या दारांच्या चौकटी मकबूलभाईंच्या हातच्या आणि बाबूरावांशी त्यांची दोस्ती चाळीस वर्षांची. जुळवणीचं कामही तेच करणार होते.

मकबूलभाईंनी आपल्या पटाशीनं खोक्याची चिकटपट्टी कापली आणि भाग टेबलावर मांडले. तेवढ्यात शिवप्पा दूध घेऊन आला. बाबूराव दाराशी गेले, दुधात पाणी असल्याचा नेहमीचा संशय त्याच्या तोंडावर बोलून दाखवला आणि अनसूयाबाईंना पातेलं घेऊन बोलावलं. दोन मिनिटांत दोघं परत टेबलाशी आले.

मग एकेक नग उचलून बाबूरावांनी नोंद घेतली. यातल्या एकाही भागाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, पण कारकुनाला नाव लागत नाही, वर्णन पुरतं. 'वाकडी कडी, पितळी, एक.' 'लोखंडी नळी, तोंडात कागदाचा बोळा, एक.'

"बोळा काढू का?" मकबूलभाईंनी विचारलं.

"हात लावायचा न्हाय! माल आला त्या अवस्थेत ठेवायचा असतो." आणि बाबूरावांनी नळीच्या तोंडावर वरून लाखेचं सील ठोकलं.

मोजणी भरली तेवीस. कंपनीच्या कागदावरही तेवीस. पंचांनी सह्या केल्या. मकबूलभाईंचा चष्मा दुकानात राहिला होता, त्यांनी बाबूरावांच्या भरवशावर सही केली. प्रत्येक नग आपापल्या पाकिटात गेला, पाकिटाला सील लागलं, आणि जो भाग लागेल तेव्हा त्याचं एकच पाकीट फुटेल असा नियम झाला.

जाताना मकबूलभाई खिसे चाचपत म्हणाले, "माझी पटाशी दिसंना. वहिनी, घावली तर ठिवा."

"कुठं पडली असंल?"

"असंल इथंच कुठं. जाती कुठं?" असं म्हणून ते निघूनही गेले. पटाशी हरवली तरी कुणावर संशय घ्यावा, हे त्या माणसाला सुचलंच नाही.

पुढचे आठ दिवस सुखाचे गेले. मकबूलभाईंनी अनसूयाबाईंची काजळाची डबी मागून घेतली. लोखंडी भागाला काजळ फासायचं, तो लाकडात दाबायचा, काढायचा. जिथं काळं उठलं तिथं लाकूड अडतंय, तेवढंच तासायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा दाबायचं. दिवसाकाठी एखादा भाग बसायचा, पण असा बसायचा की मध्ये नखसुद्धा जाऊ नये. बाबूराव शेजारी बसून काजळ फासून द्यायचे. दोघांचे हात कोळसा विकणाऱ्यासारखे व्हायचे आणि दोघेही खूश असायचे.

शुक्रवारी चापाची पाळी आली. बोटानं ओढायचा तो चाप, त्याच्यावाचून पिस्तूल म्हणजे नुसता दांडा. बाबूरावांनी पंचनामा वरून खाली वाचला, खालून वर वाचला. चापासारखं वर्णन कुठंच नव्हतं.

"मग कंपनीनं धाडलाच नसंल," मकबूलभाई म्हणाले. नमाजला जायचं म्हणून ते पांढराशुभ्र कुर्ता घालून आले होते.

"कसं शक्य हाय? मोजणी तेवीस. कागद तेवीस. आकडा बरोबर, चाप गायब. याचा अर्थ, कुणीतरी चाप उचलला आन् त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठिवलं." बाबूरावांचा आवाज एकदम कोर्टातला झाला. "शिवप्पा आला तवा टेबलापाशी कोण होतं?"

"म्या होतो."

"एकटेच?"

मकबूलभाईंना आधी हसू आलं. मग ते गेलं. "बाबूराव, म्या तुमचा चाप घिऊन काय करू? चटणी लावून खाऊ?"

"मी आरोप करत न्हाय. फक्त विचारतोय."

"मग फोडा की सगळी पाकिटं! दूध का दूध हुईल."

"पंचासमोर फोडावी लागतील. आन् तुम्ही तर आता संशयित. संशयिताला पंच होता येत न्हाय."

"मग आता?"

एकतीस वर्षांची सवय वाईट. बाबूरावांच्या तोंडून निघून गेलं, "अंगझडती."

नुसतं निघून गेलं नाही, तर हातही पुढे गेले. काजळाने बरबटलेल्या दहाच्या दहा बोटांचे ठसे त्या पांढऱ्या कुर्त्यावर, दोन्ही खिशांपाशी, ठळक उठले. खिशात अत्तराचा फाया आणि रुमाल निघाला. मकबूलभाईंनी रुमाल घडी करून परत ठेवला आणि चपला घातल्या.

बाबूराव टेबलाशी बसून राहिले. आपलं काही चुकलेलं नाही, हे त्यांनी स्वतःला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते त्यांनाही पटलं नाही.

दुपारी मकबूलभाईंच्या बायकोकडून, फातिमाबींकडून, वाडगं परत आलं. गेल्या आठवड्यात अनसूयाबाईंनी त्यातून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. वाडगं स्वच्छ घासलेलं होतं आणि रिकामं होतं. या दोन घरांत रिकामं भांडं कधी परतलं नव्हतं. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामं नाही.

अनसूयाबाईंनी वाडगं नवऱ्यासमोर आदळलं. "हे बघा. हेचाबी पंचनामा करा!"

"अगं, पण चाप..."

"चाप गेला खड्ड्यात!" त्यांनी बत्ता आणला आणि सीलं फोडायला सुरुवात केली. बाबूराव "दुसरा पंच, दुसरा पंच" म्हणत राहिले. एकोणीस नंबरचं पाकीट फुटलं आणि अनसूयाबाईंचा हात थांबला. पाकिटावर बाबूरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'धारदार वस्तू, लाकडी मूठ, एक.' आत मकबूलभाईंची पटाशी होती.

बाबूरावांनी पंचनामा ओढून पुन्हा मोजलं. पटाशी धरून तेवीस, म्हणजे पिस्तुलाचे भाग बावीसच मोजले होते.

"आन् तेविसावा?" म्हणत अनसूयाबाईंनी नळीवरची लाख फोडली, अंबाड्यातला आकडा काढून बोळा ओढला. कागदात नीट गुंडाळलेला चाप टेबलावर टपकन पडला. हरवू नये म्हणून कंपनीनेच तो नळीत घातला होता.

"काढू का, म्हणून भाईंनी इचारलं व्हतं," अनसूयाबाई म्हणाल्या. "त्येंची पटाशी चोरली कुणी आन् झडती घेतली कुणाची!"

बाबूरावांनी पटाशी खिशात घातली, शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेलं वाडगं घेतलं आणि ते मकबूलभाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. अंगणात तारेवर कुर्ता वाळत होता. दहा बोटं अजून तशीच दिसत होती.

"मकबूलभाई, माझं चुकलं. मला माफ करा."

"थांबा. उंबऱ्याच्या आत यायच्या आधी अंगझडती." मकबूलभाईंचा चेहरा दगडासारखा होता. "फातिमा, पंच म्हणून उभी ऱ्हा."

बाबूरावांनी हात वर केले, एका हातात वाडगं. खिशातून पटाशी निघाली.

"माल घावला," फातिमाबी म्हणाल्या, आणि वाडगं काढून घेऊन आत गेल्या.

मकबूलभाईंनी वहीचा कागद फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि सावकाश चार ओळी लिहिल्या. "करा सही."

बाबूरावांनी केली. आयुष्यात पहिल्यांदाच, न वाचता. ती करताना त्यांना फार बरं वाटलं. आतून चहाचा वास आला, मकबूलभाईंनी पाठीवर थाप मारली, आणि वाडगं परत मिळालं ते शीरखुर्म्याने भरून.

घरी आल्यावर अनसूयाबाईंनी विचारलं, "कागुदात काय व्हतं?"

बाबूराव तसेच माघारी फिरले. मकबूलभाई दुकानात भिंतीला खिळा ठोकत होते.

"काय लिवलं व्हतं हो त्यात?"

"सदर पिस्तूल तयार झाल्यावर मुद्देमाल म्हणून निकाल लागंस्तोवर माझ्याच भिंतीवर ऱ्हाईल." मकबूलभाईंनी खिळा हलवून पाहिला. पक्का बसला होता. "वाचायचं व्हतं की."

"आन् निकाल कवा लागणार?"

"तुमी एकतीस वर्सं काढली की कोर्टात," मकबूलभाई म्हणाले. "तारीख पडंल."