तलवारीवाले थर्मास

कामठी. लष्करी कॅन्टीनचं शटर. शटरवर कागद : मालाची मोजदाद सुरू, आठवडाभर बंद.

आणि काजलचा साखरपुडा उद्या.

निवृत्त हवालदार नानाजी त्या कागदासमोर सावधानमध्ये उभे राहिले. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनीच, कुणी विचारलं नसताना, मिशीवरून हात फिरवत सांगून टाकलं होतं, "पाहुण्याईले एकेक थर्मास. बाजारचा नाही, कॅन्टीनचा!"

जगात जिथं छावणी, तिथं जवानांसाठी स्वस्तातलं दुकान. गोऱ्या पलटणींपासूनची ही रीत. आणि जिथं असं दुकान, तिथं कार्डवाल्या जवानाचे अचानक उगवणारे नातेवाईक. त्यांच्या बेसा वस्तीत नानाजींना मान होता तो या कार्डामुळे. त्यांना सीमेवरचं कुणी काही विचारत नसे. चहापत्तीचं मात्र सगळे विचारत.

शेवटी थर्मास बाजारातून आले. बायकोनं, तुळजाबाईंनी, एक उलटा केला.

"काहो, बुडाले लेबल कुठं हाय? 'फक्त सैन्यदलासाठी' लिहून राह्यते ना! त्या बाया चहा मंग पितीन, आधी बूड पाहतीन."

"मंग आता?"

"मले काय विचारता? फुशारकी माराले मी सांगतलं होतं?"

भाचा विक्की स्टिकर छापायचा. "मामाजी, टेन्शन नका घेऊ," म्हणाला आणि संध्याकाळी लेबलं घेऊन हजर झाला. लाल अक्षरं, वर दोन तलवारी.

"तलवारी काहून बे?"

"भारी दिसून राहिल्या ना!"

दुसऱ्या दिवशी बायांनी थर्मास घेतले, उलटे केले आणि माना डोलावल्या. "असली माल हाय वं!" नानाजींची छाती फुगली. तेवढ्यात... नाही, तेवढ्यात नाही. आधी जेवणं झाली. मग नवऱ्यामुलाचे काका प्रेमानंद यांनी चष्मा चढवला. निवृत्त सुभेदार. लेहपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत त्यांनी कॅन्टीनच सांभाळलेल्या.

त्यांनी लेबलावर नख घासलं. कोपरा सुटला.

"सोयरे, जरा बाजूले या."

पाण्याच्या टाकीमागे नानाजींच्या टाचा आपोआप जुळल्या. पोरीचं जमलेलं लग्न आपल्या मिशीपायी मोडतं की काय!

"अख्खी नोकरी कॅन्टीनमंदी काढली मी. तलवारीवालं लेबल कधी पाह्यलं नाही."

"साहेब, चुकलं. कॅन्टीन बंद होती. पन पोरीवर राग नका..."

"उरले हायेत का?"

"थर्मास?"

"लेबलं गा!" प्रेमानंदांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "माह्या कार्डाची लिमिट एकटे साळेच खाऊन टाकतात. बाकीच्याईले मी बर्डीच्या बाजारातला माल देतो. रिटायर झाल्यापासून सांगून राहिलो, लेबल निघून गेलं म्हून. आता कोणी मानत नाही."

नानाजींच्या टाचा सुटल्या. "भाच्याले सांगतो, साहेब. तलवारी काढून छापाले लावू?"

"काढता काहून?" प्रेमानंद म्हणाले. "जरा मोठ्या करा."