पावतीचे काटे

मुलांनो, एका जंगलात भिवा नावाचा साळिंदर राहायचा. त्याने एकदा एक प्रश्न विचारला होता : जे काटे आपल्याच पाठीवर उगवतात, ते आपण विकत का घ्यायचे?

आजवर त्याला कोणी उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला येत असेल तर हात वर करा. नाही ना? मग गप्प बसून ऐका.

त्या जंगलात नदीकाठी दातांचं कॉलेज होतं. मगरबाई तिथल्या प्राचार्या. त्यांना दात सगळ्यांत जास्त, एवढी पात्रता पुरे होती. शिकायला वाघांची पोरं, लांडग्यांची पोरं आणि खुद्द मगरबाईंची सोळा पिल्लं. ससे, उंदीर, साळिंदरंही रोज कॉलेजात जायची. ती खुर्चीत आडवी व्हायची आणि वाघांची पोरं त्यांच्या दातांवर हात साफ करायची.

हौसा ही भिवाची थोरली बहीण. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं. भिवा शाळेत दोन दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांना काटा टोचून घरी आला. हौसा मात्र हुशार. भिवाची दाढ वर्षभर ठणकत होती, पण त्या खुर्चीत बसायला तो काही तयार नव्हता.

"मी शिकते," हौसा म्हणाली. "पहिली दाढ तुझीच काढीन."

"आणि चुकीची काढलीस तर?"

"तर दुसरी काढीन. तोंडभर दात आहेत मेल्या तुला."

प्रवेश परीक्षेत हौसा सबंध जंगलात पहिली आली. मगरबाईंनी भाषण ठोकलं, "आमच्या कॉलेजात आता विविधता आली!" आणि फी माफ करून टाकली. टाळ्या पडल्या.

भावंडं कॉलेजच्या खिडकीपाशी गेली. खिडकीत माकड बसलं होतं.

"फी माफ," माकड म्हणालं. "पण हत्यारांचा संच घ्यावा लागेल. दात कोरायचे पन्नास काटे. कॉलेजच्याच दुकानातून."

हौसाने पाठ वळवून दाखवली. "हे काय, आहेत की. चांगले चारशे असतील."

"पावती आहे?"

"पाठीची?"

"मग चालणार नाहीत. मधाची पन्नास पोळी आण. नसतील तर आठ काटे जमा कर, पावतीचा एक मिळेल."

तेव्हा भिवाने तो प्रश्न विचारला. माकडाने खिडकी लावून घेतली. त्याची जेवणाची सुट्टी झाली होती.

"अक्का, चल घरी. आग लाव या कॉलेजाला."

"काटे परत येतात रे. जागा परत येत नाही."

भिवा तणतणत एकटाच पुढे निघून गेला.

जेवून आल्यावर माकडाने हौसाचे चारशे काटे उपटून घेतले. मगरबाईंनी लगेच सुतारपक्ष्याला बोलावलं आणि तिचं चित्र एका फळीवर टोचून घेतलं. पाठ उघडी होती, म्हणून चित्रातही उघडीच आली. "किती साधी राहणी!" मगरबाई म्हणाल्या. फळी कॉलेजच्या दारावर लागली. खाली लिहिलं होतं : इथे सर्वांना प्रवेश.

हौसाला पन्नास काट्यांचा गठ्ठा मिळाला. वर लाखेचं सील. "पहिल्या तासाआधी फोडलंस तर प्रवेश रद्द," माकडाने बजावलं.

मुलांनो, तरस साळिंदराच्या वाटेला जात नाही. ते काट्यांना भितं. त्या संध्याकाळी त्याने भ्यावं असं हौसाच्या पाठीवर काही नव्हतं.

राग उतरल्यावर भिवा तिला आणायला मागे फिरला. वाटेवर त्याला फक्त गठ्ठा मिळाला. सील शाबूत होतं. अंगावर तरस आलं तरी हौसाने ते फोडलं नव्हतं. फार नियमाची मुलगी होती ती.

कॉलेजने शोकसभा घेतली. मगरबाई ढसाढसा रडल्या. रडणं हा त्यांचा मूळ विषय. हौसाची जागा रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिथे त्यांचं सतरावं पिल्लू बसलं.

भिवाने गठ्ठा त्यांच्यापुढे आदळला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"बाळ, तुझं दुःख मला कळतं," डोळे पुसत मगरबाई म्हणाल्या. "पण विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

सभा पांगली. भिवाने ठणकत्या दाढेनेच सील फोडलं. एक काटा त्याने मगरबाईंच्या गादीत टोक वर करून नीट उभा केला. मग तो दाराशी आला. सुतारपक्ष्याच्या चोचीने फळीवर भोकं पडलेलीच होती. हौसाच्या पाठीवरच्या एकेका भोकात तो एकेक काटा बसवत गेला. एकोणपन्नास बसले. मानेपाशी एक भोक उरलं.

तिथे त्याने स्वतःच्या पाठीचा काटा उपटून लावला. त्याची पावती नव्हती.

तात्पर्य : दातांचं डॉक्टर व्हायचं असेल तर मगरीच्या पोटी जन्म घ्यावा. ते जमलं नाही, तर निदान घरी जाताना वाटेत सील फोडावं.