आधी आतली बाहेर

"पप्पा, ड्रेस बदलूनच या हं," असं धम्मप्रियानं आदल्या संध्याकाळी दोनदा बजावलं होतं. यशपाल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन. लेक आता आठवीला, मोठ्या हायस्कुलात जाणार. पहिल्याच दिवशी बाप खाकीत नको, असं पोरीला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? यशपालला वाईट वाटलं. तरी चौकड्याचा शर्ट त्यानं पिशवीत टाकला.

त्याची बायको संघमित्रा शिलाईच्या कारखान्यात होती. तिला सुट्टी मिळाली नव्हती. तिनं नवऱ्याला एकच काम सांगितलं, "ती गेटातनं आत जाताना नीट बगा. वळून बगती का, तेबी बगा. मला समदं सांगायचं."

इतकं सोपं काम! पण सकाळी बदलीवर येणारा मायाप्पा अक्कलकोटहून उशिरा उगवला, तोही एसटी चुकल्याची लांबलचक कहाणी घेऊन. मग यशपाल खाकीतच घरी धावला आणि तसाच लेकीला गाडीवर घेऊन शाळेकडे सुटला.

शाळेपुढं रिक्षा, व्हॅन, मोटारी, स्कूटरी यांची नुसती खिचडी झाली होती. यशपालनं गाडी कडेला लावली.

"तू गेटापशी थांब. मी त्या रसाच्या गाड्यामागं शर्ट बदलून आलोच."

त्यानं वरचं बटण काढलं, तेवढ्यात पांढऱ्या मोटारीतून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं.

"अहो वॉचमन, गाडी कुठं लावू?"

'मी पालक आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण कुणी 'वॉचमन' म्हणून हाक मारावी आणि यशपालनं ओ देऊ नये, हे आजवर घडलं नव्हतं. बटण पुन्हा लागलं.

"मागं घ्या ताई. आजून. आजून… बास!"

झालं. ताईंची गाडी लागलेली बघून मागचे तिघं त्याच्याकडेच वळले. एका रिक्षावाल्यानं तर हातच जोडले, "साब, मेरेकू पहले छोडो ना, सात बच्चे हैं अंदर!"

यशपालला कारखान्याच्या गेटावरचा एकच कायदा ठाऊक होता, तो त्यानं इथंही लावला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं हात वर केला.

"आदी आतली भाईर! मग भाईरची आत!"

कायदा चांगला होता आणि लोकांनी तो मानलाही. खाकीचा दबदबाच तसा. अडचण इतकीच, की आतून कुणी बाहेर येईना. मैदानात गाड्या लावून बसलेले पालक मुख्याध्यापिकाबाईंचं स्वागताचं भाषण ऐकल्याशिवाय हलायला तयार नव्हते. बाहेरची रांग पार चौकापर्यंत गेली. हॉर्नचा नुसता कल्ला उठला.

रांगेतून एक स्कूटर वाट काढत पुढं आली.

"मला आत जाऊ द्या. मी मुख्याध्यापिका आहे."

"आसाल की मॅडम. पन आदी आतली भाईर."

"अहो, आतली माझीच वाट बघतायत!"

यशपाल विचारात पडला. असा पेच कारखान्यात कधी आला नव्हता. बाई मात्र विचारात पडल्या नाहीत. त्यांनी स्कूटरची किल्ली त्याच्या हातात ठेवली, "ही तुम्हीच लावा" म्हणाल्या आणि पायी निघाल्या. गेटापाशी ताटकळलेल्या एका मुलीला "चल गं, बेल झाली" म्हणत त्यांनी बरोबर घेतलं.

यशपाल पाठमोरा होऊन स्कूटर लावत होता. ती नीट लावून त्यानं वळून पाहिलं, तर गेट बंद होत होतं आणि धम्मप्रिया दिसत नव्हती. तो पळतच गेटाशी गेला.

"आत जाऊ द्या की, मी पालक हाय!"

शाळेच्या शिपायानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ड्युटीवर पालक कुटनं आला? गाड्या बगा, मामा."

संध्याकाळी संघमित्रानं पहिलाच प्रश्न टाकला, "वळून बगितलं का तिनं?"

"बगायचंच ऱ्हायलं," यशपाल म्हणाला. मग लेकीकडं वळला, "चुकलं माझं. तुला खाकीची लाज वाटती, ठावं हाय मला."

"लाज? कसली लाज?" धम्मप्रिया चिडलीच. "चौथीच्या गॅदरिंगला काय केलं हुतं तुमी? माझा नाच चालू, आन् तुमी भाईर लोकांच्या गाड्या लावत! खाकी बगितली की लोक काम सांगतात, आन् तुमी करत बसता. म्हणून बदला म्हणलं हुतं!"

यशपालला जितका आनंद झाला, तितकीच शरमही वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्यातच शर्ट बदलला. शाळेपुढं तीच खिचडी होती. धम्मप्रिया उतरून गेटाकडं निघाली आणि जित्याची खोड म्हणतात तसा त्याचा हात आपोआप वर गेला.

"ओ काका, मधी काय उभारलाय? बाजूला व्हा की!" एक पोरगा मोटारसायकलवरून ओरडला.

यशपाल बाजूला झाला. कुणी त्याला काही विचारलं नाही. तो भिंतीला टेकून बघत राहिला.

"मग? वळून बगितलं?" संध्याकाळी संघमित्रानं विचारलं.

"बगितलं की. आन् लई हसली."

"का?"

"मी नुस्ता उभारलो हुतो, म्हणून."