घाण्याची काजळी

सोमवारी दुपारी झिसिस बसमधून उतरला आणि आपण भलत्याच गावात उतरलो असं समजून परत चढायला लागला. ड्रायव्हरने त्याला अडवलं. "अध्यक्ष, हेच तुमचं गाव. सकाळी मीही दोन फाटे पुढे गेलो होतो."

गुरुवारी तो गेला तेव्हा व्रिसोपेत्रा काळं होतं. ऑगस्टच्या वणव्यात डोंगरावरचं पाइनचं रान गेलं, उत्तरेकडच्या ऑलिव्हच्या बागा गेल्या आणि जाता जाता आगीने गावाचा सामायिक तेलघाणा पोळून काढला. छप्पर खाली आलं, मोटर अर्धी वितळली, भिंती कोळशासारख्या झाल्या. आणि आता सगळं गाव पांढरंशुभ्र. पायऱ्या, कुंपणं, चौकातला कठडा. जळून नुसती खोडं उरलेली झाडंसुद्धा कमरेपर्यंत चुन्याने रंगवलेली.

झिसिसने काखेतल्या फाइलवर तीन दिवस जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालून चौदा शिक्के मिळवले होते. उद्या अकरा वाजता अनुदानाची समिती अथेन्सहून नुकसान बघायला येणार होती. नुकसान दिसलं, तर घाणा पुन्हा उभा राहणार. वाचलेल्या बागांमधली फळं नोव्हेंबरात उतरायच्या आत घाणा फिरला नाही, तर परवाना रद्द. मग गावाने आपली फळं खालच्या काम्बोस गावाला न्यायची आणि काम्बोसवाल्यांनी "या, या, रांगेत उभे राहा" म्हणत मिशीत हसायचं. त्यापेक्षा वणवा परवडला.

तो धावतच घाण्यावर गेला. आत त्याची मेहुणी आर्गिरो वितळलेल्या मोटरवर लिंबू आणि राख चोळत बसली होती. एकोणीस वर्षं घाणा तीच चालवत होती.

"आलात, दाजी? बघा बरं, चेहरा दिसतो का यात."

"आर्गिरो, काजळी कुठाय?"

"कसली काजळी?"

"भिंतींवरची! छपराची जळकी तुळई इथे पडली होती, ती कुठाय?"

"ओढ्यात टाकली. पाहुणे येणार आणि मधोमध तुळई? आधी भिंती राखेच्या पाण्याने घासल्या, मग व्हिनेगरने पुसल्या, मग चुन्याचे दोन हात दिले. बारा बायका होतो. तुमची बायको तर हातमोजे न घालता राबली."

"कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच! चर्चच्या भोंग्यावरून ओरडला नव्हतात, 'मंगळवारी अथेन्सहून मंडळी येतायत, गावाची लाज राखा' म्हणून?"

झिसिस मोटरवर बसला. आर्गिरोने त्याला उठवलं, कारण ती नुकतीच पुसली होती. "अगं बाई," तो म्हणाला, "ते पाहुणे नाहीत. ते जळलेलं बघायला येतायत. जळलेलं दिसलं नाही, तर पैसे नाहीत. पैसे नाहीत, तर घाणा नाही."

आर्गिरोने हातातलं लिंबू खाली ठेवलं. घाण्याचं नाव निघालं तसा तिचा रंग उतरला, पण आवाज नाही. "मग फोटो दाखवा. तुम्हीच काढले होते ना?"

फोटो अकरा होते. अकराही फोटोंत झिसिसचा अंगठा होता. चार फोटोंत तर दुसरं काहीच नव्हतं.

संध्याकाळी फादर येरोथेओस मदतीला आले. तिघांनी मिळून कॉफीच्या दुकानातल्या शेगडीची काजळी गोळा केली, पाण्यात कालवली आणि भिंतीला फासली. चुना अजून ओला होता. दोन्ही एकजीव होऊन छान राखाडी रंग तयार झाला.

फादर दोन पावलं मागे सरून बघत राहिले. "माझ्या भाच्याच्या हॉटेलात असाच आहे. म्हणाला, फार महागाचा आहे."

"फादर, हे जळल्यासारखं दिसतंय का?"

"नाही रे बाबा. राहावंसं वाटतंय."

मग चुना खरवडून पाहिला. खाली स्वच्छ गिलावा निघाला. बायकांनी घासण्यात काही कसूर ठेवली नव्हती. सगळं खरवडलेलं आर्गिरोने पुन्हा रंगवायला घेतलं, तेव्हा झिसिस तिच्यावर खेकसला आणि तीही त्याच्यावर खेकसली, पण हात थांबवला नाही. फादरना घरून जेवायला हाक आली, तेव्हा ते आनंदाने गेले.

मंगळवारी सकाळी आठ वाजता झिसिसला उपाय सुचला. पत्र्याच्या पिंपात ओला कडबा भरायचा, वर एक जुना टायर ठेवायचा, पेटवायचं आणि तासाभरात चारही भिंती धुराने काळ्या करायच्या.

"दाजी, ऑक्टोबर संपेपर्यंत उघड्यावर काडी पेटवायला बंदी आहे."

"उघड्यावर कुठे? घाण्याच्या आत."

"घाण्याला छप्पर कुठाय?"

ते झिसिसच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं, तोवर पिंप पेटलं होतं. धूर भिंतींकडे न जाता सरळ वर गेला, जाडजूड खांबासारखा. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि थोडा धूर पूर्वेच्या भिंतीवर जाऊन बसला. ती मात्र झकास काळी झाली. "बघ! बघ!" झिसिस नाचायला लागला. बाकीचा सगळा धूर डोंगरावरच्या टेहळणीच्या चौकीने पाहिला.

पावणेअकराला आगीचे दोन बंब गावात शिरले. मागोमाग समितीची गाडी होती, कारण घाटात तिला पुढे जायला जागाच मिळाली नव्हती. जवानांनी पिंपावर पाणी मारलं, मग खात्री म्हणून झिसिसवरही मारलं. ठीक अकरा वाजता अथेन्सच्या बाई, एव्हदोकिया रालातू, सोबत एका सडपातळ इंजिनिअरला घेऊन घाण्याच्या दारात उभ्या राहिल्या. समोर तीन भिंती पांढऱ्या, एक काळी, मधोमध चकचकीत मोटर आणि निथळणारे अध्यक्ष.

"ही आग ऑगस्टची की आजची?" बाईंनी विचारलं.

झिसिसने फाइल पुढे केली. चौदाही शिक्के पाण्याने पसरून त्यांचा एकच मोठा शिक्का झाला होता. खोटं बोलायला त्याच्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

"आजची, बाई. ऑगस्टची यांनी घासून टाकली."

"मग काय करायचं होतं?" आर्गिरो पुढे आली. "काळ्या भिंतीत तुम्हाला बसवायचं? कॉफी कुठे ठेवायची? आमच्याकडे काहीच राहिलं नाही, बाई, खरंय. पण जे राहिलंय ते धुतलेलं आहे. पैसे द्यायचे तर द्या, नाही तर नका देऊ. बसा आधी."

बाई बसल्या. कॉफी आली, तव्यावरचं चीज आलं, अंजिरं आली. इंजिनिअर मात्र बसला नाही. तो दक्षिणेच्या भिंतीला नाक लावून फिरत होता. मग पश्चिमेच्या. मग तो मोटरसमोर उकिडवा बसला आणि त्याने हाक मारली, "बाई, नंबर आहे!"

"काय सांगतोस!"

"मोटरचा नंबर! पाटीवर स्पष्ट दिसतोय. आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग आहे, चुन्यावर पेन्सिलीने काढल्यासारखी. मोजतासुद्धा येते."

बाईंनी अंजीर खाली ठेवलं आणि झिसिसकडे वळल्या. "तुमच्या आधी नऊ गावं बघितली. प्रत्येकाने काजळी जपून ठेवलेली. एका गावात तर पोरांनी हात लावू नये म्हणून तिच्याभोवती दोरी बांधली होती. सगळं काळं. भेग कुठे, नंबर कुठे, काही कळत नाही. मग मी लिहू तरी काय? नऊच्या नऊ फायली परत पाठवल्या."

आर्गिरोने झिसिसकडे पाहिलं नाही. न पाहण्याची तिची एक पद्धत होती, ती झिसिसला वीस वर्षं ठाऊक होती.

पत्र इतक्या लवकर आलं की पोस्टमनने पत्ता दोनदा वाचला. कॉफीच्या दुकानात सगळे जमले आणि झिसिसने ते उभं राहून वाचलं. छप्पर, मंजूर. नवी मोटर, मंजूर, पंधरा दिवसांत पोचेल. दक्षिण, पश्चिम, उत्तर, तिन्ही भिंती मंजूर. दुकानात टाळ्या झाल्या. झिसिस मात्र शेवटच्या ओळीवर अडकला.

"वाच की," फादर म्हणाले.

"'पूर्वेची भिंत,'" झिसिसने वाचलं, "'काजळीमुळे तपासता न आल्याने ती जळाल्याचं सिद्ध होत नाही. सबब नामंजूर.'"

कोणी हसलं नाही. हसू आवरायला सगळ्यांना एकदम खोकला आला.

"म्हणजे," फादरनी शांतपणे विचारलं, "तू स्वतः जी जाळलीस, नेमकी तीच?"

"अपील करता येतं," झिसिस म्हणाला.

आर्गिरो एव्हाना दारापर्यंत पोचली होती. मोटर यायची होती आणि तिला आधी जागा पुसून घ्यायची होती.