नाना टिपणिसांची पाहणी

अंबरनाथ पश्चिमेला नाना टिपणीस कुणाकडे चहाला गेले, की पहिला घोट घेण्याआधी यजमानाला विचारत, "शिक्षा भोगून आलेला माणूस तुमच्याकडे आला, तर कुठे बसवाल? अंगणात, ओटीवर, की आत?" मग खिशातून वही निघे. चहा निवून जाई.

नाना तुरुंगातल्या कारकुनीतून निवृत्त झाले होते. सुटलेल्या कैद्याचं पुढे काय होतं, हे सरकारला ठाऊक नाही. तेव्हा ते आपणच शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी शाळेत शिकवत असे. माझं अक्षर बरं, म्हणून रविवारी मला लेखनिक म्हणून नेत. "मत द्यायचं नाही, मास्तर. फक्त टिपायचं."

कारखान्यातले साहेब लोक बहुधा ओटी सांगत. बदलापूरकडच्या एका शेतकऱ्यानं, त्यानं केलंय काय ते आधी सांगा, म्हणून नानांचीच उलटतपासणी घेतली. बैल चोरला असेल तर बांधावरही उभा करणार नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्पात मात्र पंचाईत झाली. निर्वासितांचं एकेक बिऱ्हाड बराकीतल्या एकेका खोलीत. अंगण, ओटी, आत, सगळं एकच. नाना बाहेर दगडावर बसून वहीत नवा रकाना आखू लागले.

कॅम्प चारमध्ये गोपीबाई नावाच्या सिंधी विधवेकडे, गोणपाटानं वेगळ्या केलेल्या कोपऱ्यात, सखाराम राहायचा. सुतारकाम तो तुरुंगात शिकला होता आणि आता बाईंच्या भावाच्याच दुकानात लागला होता. तो कुठून आला हे दोघांनाही माहीत नव्हतं. नानांना होतं. कुणाला कळणार नाही, असा शब्द त्यांनी त्याला दिला होता.

बाईंनी पापड लाटता लाटता उत्तरं दिली. आता अंगठा घ्यायचा. अंगठ्याआधी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा तुरुंगातला नियम नानांच्या अंगात मुरलेला. ते वरपासून वाचू लागले. सुटलेल्या प्रत्येक कैद्याचा नाना वेगळा कागद करत; या कागदावर वर सखारामचं नाव होतं, पुढे शिक्षेची मुदत. वाचून झाल्यावर ते थांबले.

बाईंनी लाटणं ठेवलं. संध्याकाळच्या आत जागा सोड, सखारामला म्हणाल्या, आणि भावाच्या दुकानातही पाय ठेवू नकोस. सखाराम दारातच उभा होता. तो नानांकडे बघत राहिला.

नानांना खोटं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

"कागज में गलती हुआ, बाई. जेल में ये नहीं, मैं था. ये भांजा है, मेरे को संभालता है."

बाईंनी त्यांची काळी टोपी आणि इस्त्रीचा कोट न्याहाळला. "कितना साल?"

"तीन साल. दो महिना माफी." असली उत्तरं नानांना झोपेतही देता आली असती.

"छूटा, तब घर में कौन था?"

नानांच्या पत्नीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन अंबरनाथला आले, तेव्हा खोलीचं कुलूप त्यांनी स्वतःच उघडलं होतं.

"कोणी नव्हतं," ते मराठीतच म्हणाले.

बाईंनी लाटणं पुन्हा उचललं. मग पोरगा राहू दे, म्हणाल्या, आणि पापडाकडे बघत पुढे म्हणाल्या, "तू इतवार को इधर खा लिया कर, बाबा."

नाना गेले, त्याच्या आदल्या रविवारपर्यंत तिथे जेवत होते. कॅम्पातली माणसं त्यांना सुटलेला कैदीच समजत. नानांनी तो समज कधी दूर केला नाही, आणि मलाही करू दिला नाही. सखारामचं नाव मी इथे बदललं आहे.